रिषभ पंतचे २७ कोटी आणि आशाताईंचे २५० रुपये

आयपीएलचा लिलाव झाला की दरवर्षी व्हॉट्सॲपवर तोच मेसेज फिरायला लागतो. एका बाजूला क्रिकेटरचा फोटो आणि कोटीचा आकडा, दुसऱ्या बाजूला सीमेवरचा जवान नाहीतर फाटक्या बंडीतला शेतकरी, आणि खाली "हाच का न्याय?" २०२४ च्या नोव्हेंबरात जेद्दाहला रिषभ पंत २७ कोटीला गेला तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरं काही आलंच नाही, पाण्याच्या टँकरचा हिशोबसुद्धा कोणी टाकला नाही.

मला हा राग कळतो पण पटत नाही. पंतला ते पैसे कोणी सरकारी तिजोरीतून दिलेले नाहीत, ते आपणच देतो, मॅच बघून. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले, का, तर त्याची एक इनिंग एकाच वेळी कोट्यवधी लोक बघतात आणि दर ओव्हरनंतर त्यांना कायकाय विकता येतं. शर्विन रोझेन नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९८१ सालीच हे नीट मांडून ठेवलंय की ज्याचं एकच काम लाखो लोकांपर्यंत एकदम पोचू शकतं त्याची कमाई आभाळाला टेकते, आणि त्याच्यापेक्षा उन्नीस-बीस असणारा मात्र खालीच राहतो. तुम्हाला नको असेल तर मॅच बघू नका, संपला विषय. बरं, आपल्याकडच्या विषमतेचं खरं चित्र बघायचं तर वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या २०२४ च्या अहवालानुसार देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे २०२२-२३ मध्ये एकूण उत्पन्नाचा २२.६ टक्के वाटा गेला. त्या एक टक्क्यात क्रिकेटर किती असणार सांगा, चिमूटभरसुद्धा नाहीत. पण बाकीच्यांचे फोटो कोणी फॉरवर्ड करत नाही.

माझा मुद्दा वेगळाच आहे. काही पगार असे आहेत की जे बाजार ठरवतच नाही, सरकार ठरवतं, म्हणजे जीआर काढून, तुमच्या-माझ्या टॅक्समधून, आपण निवडून दिलेले लोक ठरवतात. तिथे "अहो मार्केट आहे, मागणी-पुरवठा आहे" असं म्हणून हात झटकता येत नाहीत. समाज कोणत्या कामाची काय किंमत करतो हे बघायचं असेल तर लिलाव बघू नका, हे जीआर बघा.

एक उदाहरण असं आहे की ज्यात कामाचं मोल किती आणि दाम किती दोन्ही अगदी मोजून सांगता येतं, म्हणून तेच घेतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच, जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना ट्रेनिंग दिलं, की बाळ जन्मल्यावर घरी जाऊन वजन कसं करायचं, ताप कसा बघायचा, बाळ दूध ओढत नाही, अंग गार पडतंय, श्वास जोरात चाललाय ही लक्षणं कशी ओळखायची, आणि काय करायचं. तिसऱ्या वर्षापर्यंत तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात बाळांच्या मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं आणि जगभर गाजलं. ना मोठं हॉस्पिटल, ना आयसीयू, घराघरात जाणारी एक बाई, तिच्याकडे झोळीचा काटा आणि थर्मामीटर.

मग २०११ मध्ये केंद्र सरकारने हेच काम देशभरातल्या आशांकडे, म्हणजे गावातच राहून सरकारसाठी घरोघरी आरोग्याचं काम करणाऱ्या बायकांकडे दिलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं, म्हणजे सहा भेटी. आणि सहा भेटींचे मिळून पैसे किती? २५० रुपये. एका भेटीचे एक्केचाळीस रुपये आणि वर काही पैसे. तेही सहज नाही, त्या २०११ च्या सूचनांमध्ये अटी होत्या, बाळाचं वजन कार्डावर लिहिलेलं पाहिजे, जन्माची नोंद झालेली पाहिजे, पहिल्या लसी झालेल्या पाहिजेत, आणि बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई आणि बाळ दोघं सुखरूप पाहिजेत. ही शेवटची अट मी दोनदा वाचली. आपल्याकडे पुलाचा स्लॅब पडला तरी कंत्राटदाराचं बिल निघतं हो!

हे काम जवळून कसं दिसतं ते सांगतो. माझी मावसबहीण अकोले तालुक्यात दिलेली आहे, तिच्या बाळंतपणानंतर मी तिकडे गेलो होतो. घरी आणून एकच दिवस झाला होता, आशाताई आल्या, ओट्यावर चपला काढल्या, आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, मग पिशवीतून झोळी काढून बाळाला त्यात ठेवलं आणि काटा वर धरला. दोन किलो शंभर. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, फक्त कार्डावर लिहिलं आणि बहिणीला म्हणाल्या, "ताई, याला अंगाशी धरून ठेवायचं, उघडं नाही ठेवायचं, अंघोळ आता लगेच नको." तेवढ्यात आजेसासूबाईंनी गुटीची वाटी आणली. मी शहरातला शहाणा, आशाताईंच्या जागी मी असतो तर तिथेच लेक्चर झोडलं असतं आणि घरात वाद लावून दिला असता. ताई म्हणाल्या, "आजी, गुटी तुमच्याच हातची द्यायची, पण सहा महिने थांबा, आत्ता याचं पोट लई लहानंय, आईचंच दूध पुरतं, तुम्ही फक्त त्याला थंडी लागू देऊ नका, ते काम तुमचं." आजी वाटी घेऊन आत गेल्या. भांडण नाही, रुसवा नाही. दुसऱ्या दिवशी ताई परत आल्या, वजन कमी होतं म्हणून, ती भेट त्या सहामध्ये बसत नव्हती. कोणीतरी पाणी दिलं, चहा राहूनच गेला.

आता यावर लोक काय म्हणतात ते मला पाठ आहे. "दहावी पास बाईला अजून किती द्यायचे? डॉक्टर दहा वर्षं शिकतो." शिकतो ना, आणि सर्जनला चांगले पैसे मिळावेत याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, माझ्या बायपासच्या वेळी मला स्वस्तातला माणूस नकोय. पण आजीच्या हातातली वाटी भांडण न होता परत आत पाठवणं हे स्किल नाही असं ज्याला वाटतं त्याने एकदा स्वतःच्या घरात करून बघावं. मी हिंजवडीला आयटीत आहे, आमच्याकडे यालाच 'स्टेकहोल्डर मॅनेजमेंट' म्हणतात आणि त्याचं अप्रेझलमध्ये वेगळं रेटिंग मिळतं. आमच्या टीमने केलेला एक डॅशबोर्ड तीन महिने कोणी उघडलासुद्धा नव्हता, तरी पगार एक तारखेला झालाच, आणि व्हायलाच पाहिजे, मी काही परत करणार नाहीये. फक्त मग "पगार कामाच्या मोलावर मिळतो" असं मला कोणी सांगू नये.

दुसरं म्हणतात की ते पूर्णवेळ काम नाही, फावल्या वेळेतलं आहे. कागदावर तसंच आहे. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानात आशा आल्या त्या 'स्वयंसेविका' म्हणून, कर्मचारी म्हणून नाहीत, दिवसाचे दोन-तीन तास करतील, कामागणिक मोबदला घेतील अशी कल्पना होती. आता बाळंतपणाला सोबत जाणं आहे, टीबीच्या गोळ्या आहेत, कुष्ठरोगाचा सर्व्हे आहे, पावसाळ्यात डासांच्या अळ्या बघत फिरणं आहे, आयुष्मान कार्ड आहे, ॲपवर माहिती भरणं आहे, आणि रात्री दोनला कोणाला कळा सुरू झाल्या तर "माझा फावला वेळ संपला" असं म्हणायची सोय नाही. कर्मचारी म्हटलं की किमान वेतन आलं, पीएफ आला, पेन्शनचा प्रश्न आला, स्वयंसेविका म्हटलं की यातलं काही नाही. घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजायच्या, आणि त्याही मोजून द्यायच्या.

अंगणवाडीचं तेच. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, पन्नास वर्षं झाली. सहा वर्षांखालच्या पोरांचा आहार, वजन-उंची, शाळेआधीचं शिक्षण, गरोदर बायकांची नोंद सगळं सेविका बघतात आणि त्याही मानधनावरच. आणि गंमत बघा, मार्च २०१८ मध्ये याच अंगणवाडी सेविकांना आपल्या राज्यात 'मेस्मा' लावला होता, अत्यावश्यक सेवेचा कायदा, म्हणजे संप केला तर कारवाई. विधिमंडळात गदारोळ झाला म्हणून आठवडाभरात स्थगिती द्यावी लागली. पैसे मागितले की "तुम्ही मानसेवी" आणि संपावर गेलं की "तुम्ही अत्यावश्यक", असा हा दुतोंडी कारभार. शेवटी एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अंगणवाडी सेविका आणि मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, तेव्हा कुठे त्यांचं काम हे काम आहे हे एवढ्यापुरतं तरी मान्य झालं.

कौतुकाची मात्र कमतरता नाही हं. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाचला आपण सगळ्यांनी गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या. त्या कोविडच्या काळात आशांना केंद्राकडून जादा किती मिळत होते माहितीये का, महिन्याला १००० रुपये, दिवसाचे तेहतीस. घराघरात जाऊन ऑक्सिजन मोजायचे तेहतीस रुपये. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांना ग्लोबल हेल्थ लीडर्सचा पुरस्कार दिला, सगळ्या पक्षांच्या नेत्यांनी अभिनंदनाचे मेसेज टाकले. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच आशा महाराष्ट्रात संपावर होत्या, मग आश्वासन, मग परत आंदोलन, आझाद मैदान, आणि मार्च २०२४ मध्ये राज्याच्या हिश्श्यात पाच हजारांची वाढ झाली. चांगलं झालं, मी नाही म्हणत नाही. पण ती वाढ काही आपल्याला त्यांच्या कामाची जाण आली म्हणून मिळाली नाही, तोंडावर लोकसभा होती.

मला वाटतं इथेच सगळ्याची मेख आहे. कोणाला किती पैसे मिळतात हे त्याचं काम किती गरजेचं आहे यावर ठरतच नाही, ते बंद पडलं तर कोणाची गैरसोय होते यावर ठरतं. २०१७ च्या एप्रिल-मेमध्ये फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या लोकांनी पुण्याच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या तेव्हा तीन आठवडे शहराच्या नाकाला रुमाल होता, कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग, पेपरात रोज पहिल्या पानावर, आणि शेवटी मुख्यमंत्र्यांना मध्ये पडून गावकऱ्यांशी बोलावं लागलं. याउलट २०२१ च्या दिवाळीपासून एसटी बंद पडली ती जवळजवळ साडेपाच महिने नीट चालली नाही. साडेपाच महिने! खेड्यातल्या पोरी कॉलेजला जाणं बंद झाल्या, म्हाताऱ्यांचे दवाखाने राहिले, आणि ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांना ती फक्त एक बातमी होती. लोकलची एक लाइन दोन तास बंद पडली तर काय होतं ते आठवा आणि ताडून बघा. मग धारणी-चिखलदऱ्यात आशा महिनाभर कामावर नसतील तर त्याचा आवाज पुण्या-मुंबईत कसा यावा? ज्या बाळाचं वजन झालं नाही ते काही ट्वीट करत नाही.

यात अजून एक गोष्ट सरळ आहे, या सगळ्या बायका आहेत. घरात बाळाला न्हाऊ घालणं, पोराला भरवणं, आजाऱ्याचं करणं हे आई-आजीने फुकट केलं, म्हणून बाहेर तेच काम कोणी केलं की ते 'माया' या खात्यात जमा होतं. आणि सरकार धरून चालतं की घरात नवरा कमावता असेल, हे आपले वरचे मीठ-मिरचीचे. प्रत्यक्षात यातल्या कितीतरी जणींचं घर याच पैशावर चालतं. पुरुषसुद्धा सुटलेले नाहीत म्हणा, शिक्षण सेवकांचं बघा. २००० साली ही योजना आली, तीन वर्षं मानधनावर राबायचं आणि मग कायम. प्राथमिकला सुरुवातीला तीन हजार, मग सहा हजार, आणि ते सहा हजार अगदी २०२२ संपेपर्यंत सहा हजारच होते. डीएड केलेला, टीईटी पास झालेला मास्तर, सहा हजारात, घरापासून तीनशे किलोमीटरवर खोली भाड्याने घेऊन. जानेवारी २०२३ पासून सोळा हजार झाले. त्या मधल्या दहा वर्षांत ज्यांनी काढलं त्यांनी बापाकडून पैसे मागवून सरकारची शाळा चालवली, याला दुसरं काय म्हणायचं.

आता एक इशारा माझ्या बाजूच्याच लोकांना. "समाजाने ठरवावं की कोणतं काम महत्त्वाचं" असं जे म्हणतात त्यांच्याबरोबर मी नाही. समाजाने हे ठरवलेलं आपण शेकडो वर्षं बघितलंय. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, महार, मांग, न्हावी, परीट, गुरव, जोशी, सगळ्यांचं काम गावाला लागतंच हे गावाला चांगलं माहीत होतं, खळ्यावर ज्याचा त्याचा वाटा ठरलेला होता, आणि तरी मेलेली ढोरं ओढणाऱ्याला पाणवठ्यावर येऊ दिलं नाही. काम गरजेचं आहे हे मान्य करून माणसाला खाली ठेवणं आपल्याला फार छान जमतं. अजूनही गटार साफ करायला कोण उतरतं ते बघा. माणसाला हाताने मैला उपसायला लावू नये असा २०१३ चा कायदा आहे, ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने गटारातल्या मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली, म्हणजे मेल्यावरचा दर वाढला, पण मशीन घ्यायला महापालिकेचं टेंडर निघत नाही. तेव्हा मला कोणत्या समितीने बसून धंद्यांची गुणवत्ता यादी लावायला नकोय, त्यात कोण वर बसणार हे मला आत्ताच सांगता येईल. माझी मागणी फार छोटी आहे, सरकार ज्यांच्याकडून काम करून घेतं त्यांना सरकारने स्वतःच ठरवलेलं किमान वेतन आणि स्वतःच केलेले कामगार कायदे लावावेत.

आणि नुसता पगार वाढवून भागणार नाही हेही खरं आहे. आपल्याकडे एखाद्या पोस्टला बरा पगार लागला की दलाल आलाच. अनुदानित शाळेत शिक्षक लागायला 'डोनेशन' काय चालतं ते गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, बाप एकर विकतो आणि पोरगा मास्तर होतो, आणि मग तो आयुष्यभर ते एकर वसूल करत बसतो. आशांना उद्या वीस हजार कायम झाले तर सरपंचाची सून आशा होणार, जी आज त्या गल्लीत पाय ठेवत नाही, ही भीती मला बोलून दाखवणाऱ्या स्वतः आशाच होत्या. त्यामुळे निवड कशी होणार, गावसभेत उघड होणार की आमदाराच्या चिठ्ठीवर, हे पगाराइतकंच महत्त्वाचं आहे. पण चोर येईल म्हणून घरात धान्यच भरायचं नाही, हा काही उपाय नव्हे. "पैसे वाढले की सेवाभाव जातो" हे तर मी अजिबात ऐकून घेणार नाही, कलेक्टरला कोणी असं सांगत नाही.

राहिला प्रश्न पैसे आणायचे कुठून. हिशोब करून टाकू. राज्यात आशा साधारण सत्तर हजार. सातव्या वेतन आयोगाने २०१६ पासून केंद्राच्या सगळ्यात खालच्या कर्मचाऱ्याला जो मूळ पगार ठरवला तो १८,००० चा, तोच सगळ्यांना दिला तर महिन्याला १२६ कोटी, वर्षाला १,५१२ कोटी होतात. यातला बराच भाग आत्ताही मोबदला म्हणून जातोच आहे, म्हणजे नवीन ओझं याहून कमी. २०२५-२६ चा राज्याचा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा. हजार रुपयांतले दोन रुपये आणि वर थोडी चिल्लर. २०२४ मध्ये लाडकी बहीण जाहीर झाली तेव्हा वर्षाला ४६,००० कोटी लागतील असं सरकारनेच सांगितलं होतं आणि पैशाची सोय झालीच की नाही? मी त्या योजनेच्या विरोधात नाही, बाईच्या हातात दीड हजार येणं मोठी गोष्ट आहे. पण ते फॉर्म भरायला कोण बसलं होतं, उन्हातान्हात, सर्व्हर डाऊन असताना? अंगणवाडी सेविका, फॉर्ममागे पन्नास रुपयांच्या कबुलीवर.

२०१३ साली दिल्लीत भारतीय श्रम परिषदेचं पंचेचाळिसावं अधिवेशन झालं, सरकार, मालक आणि कामगार संघटना तिघंही तिथे बसतात. तिथे ठरलं होतं की आशा, अंगणवाडी, पोषण आहारवाल्या या सगळ्यांना कामगार माना, किमान वेतन द्या, सामाजिक सुरक्षा द्या. तेव्हापासून सगळ्या रंगांची सरकारं येऊन गेली. आणि ऑगस्ट २०१६ मध्ये आपल्या विधिमंडळात आमदारांच्या पगारवाढीचं बिल आलं, पंच्याहत्तर हजारांवरून दीड लाखाच्या घरात नेणारं. ते त्याच दिवशी चर्चेविना मंजूर झालं, पैसे कुठून आणायचे असं एकाही बाकावरून कोणी विचारलं नाही.